तीन पावसाळे वापरलेली मच्छरदाणी, गरोदर बाईच्या रात्रीच्या कसोटीवर

मच्छरदाणी घेताना दुकानदार जाळी किती बारीक आहे ते दाखवतो आणि घेणारा किंमत विचारतो. गरोदर बाईने विचारायचा प्रश्न मात्र वेगळा आहे. रात्रीतून चार वेळा उठावे लागणार असेल, तर या मच्छरदाणीतून बाहेर पडणे आणि पुन्हा आत येणे आपल्याला झेपेल का, आणि प्रत्येक वेळी एकही डास आत न घेता झेपेल का? मी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या पहिल्या गरोदरपणात मी दोन मच्छरदाण्या वापरल्या. पहिली बाजारातून विकत घेतलेली, घडीची, तंबूसारखी उघडणारी होती. दुसरी गावच्या आशाताईंनी घरी आणून दिलेली, शासनाकडून मोफत मिळणारी कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी होती. पहिली पाचव्या महिन्यात बाद झाली. दुसरीचे आता तीन पावसाळे पूर्ण झाले आहेत, आणि हे परीक्षण मुख्यतः तिचे आहे.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. तिकडे असताना डास म्हणजे झोपमोड, एवढाच माझा समज होता. गडचिरोलीत आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तो बदलला. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा वर्षानुवर्षे या जिल्ह्यातून येतो, आणि त्यातही फाल्सिपेरम या अधिक घातक प्रकाराचे प्रमाण जास्त असते. कारणे डोळ्यांसमोर असतात: रोवणीनंतर बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या बांध घातलेल्या शेतांत, साचून राहणारे पाणी, गावागावांतल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, जंगलातून संथ वाहणारे ओढे, घराला लागूनच असलेले गुरांचे गोठे. ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस आणि ॲनोफिलिस फ्लुव्हियाटिलिस या येथील दोन मुख्य वाहक डासांना याहून सोयीची जागा मिळणे कठीण आहे. या डासांची मादी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते, आणि तिची गुणगुण इतकी मंद असते की डास नाहीतच असे वाटून माणूस निर्धास्त झोपतो. त्यामुळे डासांचा त्रास जाणवत नाही म्हणून मच्छरदाणी न लावणे हा हिशेब आमच्या भागात चुकीचा ठरतो.

आमच्या शेजारच्या घरातली सून सहाव्या महिन्यात तापाने फणफणली, तेव्हा मला हे खऱ्या अर्थाने कळले. घरात एकच मच्छरदाणी होती आणि तिच्यात सासरे झोपत असत. तपासणीत फाल्सिपेरम निघाला, हिमोग्लोबिन ६.८ पर्यंत उतरलेले होते, तिला रक्त चढवावे लागले, आणि पुढे बाळ दिवसांच्या आधीच जन्मले, वजन १,९०० ग्रॅम. बाळ आणि बाळंतीण दोघेही वाचले, याचा आनंद आजही आहे. पण त्या घरात मच्छरदाणी नव्हती असे नाही; ती ज्या व्यक्तीला सर्वांत आधी मिळायला हवी होती तिला मिळाली नव्हती, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

गरोदरपणातला हिवताप इतरांच्या हिवतापासारखा नसतो. वारंवार हिवताप होणाऱ्या भागातल्या माणसांच्या शरीरात त्याच्याशी झुंजण्याची थोडीफार ताकद तयार झालेली असते. गरोदरपणात ती अपुरी पडते, आणि पहिलटकरणीच्या बाबतीत सर्वांत जास्त. फाल्सिपेरमची लागण झालेल्या तांबड्या पेशी वारेत, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला पोषण पोहोचवणाऱ्या अवयवात, चिकटून साठतात. त्यामुळे बोटातून घेतलेल्या रक्तात जंतू सापडत नसतानाही वारेत ते असू शकतात. बाईला ताप येत नाही, फक्त थकवा येतो, चेहरा पांढुरका पडतो, आणि हे सगळे गरोदरपणाचेच आहे असे म्हणून घरचे स्वस्थ बसतात. गर्भपात, मृत जन्म, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ आणि आईला तीव्र रक्तक्षय, हे त्याचे परिणाम आहेत. व्हायव्हॅक्स हा प्रकार तुलनेने सौम्य मानला जातो, पण त्याचे जंतू यकृतात दडून बसतात आणि त्यांना मुळापासून काढणारे प्रायमाक्विन हे औषध गरोदर बाईला देता येत नाही. म्हणजे तिला एकदा व्हायव्हॅक्स झाला, तर बाळंतपण होईपर्यंत तो पुन्हा उलटण्याची टांगती तलवार तिच्यावर राहते. ज्या आजारावर गरोदरपणात पूर्ण इलाज करता येत नाही, तो आजार होऊच न देणारी वस्तू किती मोलाची आहे, हे यावरून समजते.

आता वस्तूकडे वळते. मला मिळालेली मच्छरदाणी पांढऱ्या पॉलिएस्टरची, चौकोनी, मी टेपने मोजली तेव्हा १८० सेंटिमीटर लांब, १६० रुंद आणि १५० उंच भरली. चारही कोपऱ्यांवर दोरी ओवण्यासाठी पट्ट्या आहेत आणि एका कडेला ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का आहे. सोबतच्या पट्टीवर डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक प्रति चौरस मीटर ५५ मिलिग्रॅम असल्याचे लिहिले होते. कारखान्यातच ते धाग्यावर असे बसवलेले असते की जाळी धुतल्यावरही ते एकदम निघून जात नाही. वीस धुण्यांपर्यंत आणि प्रत्यक्ष वापरात तीन वर्षांपर्यंत परिणाम टिकावा, हे अशा मच्छरदाण्यांसाठीचे मान्य प्रमाण आहे. साधी मच्छरदाणी डासाला फक्त अडवते. या मच्छरदाणीला स्पर्श होताच कीटकनाशक डासाच्या मज्जातंतूंवर परिणाम करते. तो लुळा पडतो, मरतो, किंवा चावण्याआधीच दूर निघून जातो. झोपेत हात जाळीला टेकला तर साध्या मच्छरदाणीत डास बाहेरूनच सोंड खुपसतो. हिच्यात तो धोका बराच कमी होतो, आणि एखादे भोक पडले तरी ती लगेच निकामी होत नाही.

ही माहिती घरी सांगितल्यावर पहिला आक्षेप सासूबाईंचा आला, आणि तो मायेपोटीच होता. “पोटात लेकरू आहे आणि तू औषध लावलेल्या जाळीखाली झोपणार?” असे त्या म्हणाल्या. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो, म्हणून त्याला टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. मी त्यांच्यासमोर वहीवर हिशेब मांडला: वरचा भाग आणि चारही बाजू धरून माझ्या मच्छरदाणीचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस मीटर होते, म्हणजे संपूर्ण मच्छरदाणीवर मिळून कीटकनाशक पाऊण ग्रॅमहूनही थोडे कमी, आणि तेही धाग्याला धरून बसलेले. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात अशा मच्छरदाणीत झोपण्याची शिफारस करते. मुख्यतः आफ्रिकेत गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात वारेतील हिवताप सुमारे एक पंचमांशाने कमी झाल्याचे आढळले. पहिल्या चार गरोदरपणांत कमी वजनाची बाळे जवळपास चतुर्थांशाने आणि पोटातच बाळ दगावण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. मच्छरदाणीमुळे आई किंवा बाळाला अपाय झाल्याचे दिसले नाही. सासूबाईंना आकड्यांपेक्षा आशाताईंचे बोलणे अधिक पटले. “काकू, जाळीचं औषध डासाले लागते जी, लेकराले नाही लागत. पन डास चावला तं लेकराले लागते,” असे त्या एका दमात म्हणाल्या.

तरीही नव्या मच्छरदाणीबाबत एक काळजी घ्यायलाच हवी, आणि ती मी पहिल्या रात्री घेतली नव्हती. पाकीट फोडून लगेच लावली, तर चेहऱ्याला आणि हाताला हलकी चुणचुण झाली, डोळ्यांत किंचित पाणी आले. सकाळपर्यंत ते गेले, पण गरोदर बाई अशा वेळी घाबरून मच्छरदाणी कायमची गुंडाळून ठेवू शकते. पाकिटातून काढल्यावर एक पूर्ण दिवस आणि रात्र ती सावलीत, वाऱ्यावर टांगून ठेवली, की हा त्रास होत नाही. ही सूचना पाकिटावर इंग्रजीत होती. ती मराठीत, आणि आमच्या भागात गोंडी-माडियातही, चित्रासह हातात पडायला हवी होती.

बाजारातल्या घडीच्या मच्छरदाणीविषयी थोडक्यात. तिला मी ८५० रुपये मोजले होते. खिळे, दोऱ्या काही लागत नाही, गादीवर ठेवली की उभी राहते, हे तिचे गुण आहेत, आणि तान्ह्या बाळाच्या दुपारच्या झोपेसाठी लहान आकाराची तशी मच्छरदाणी मला आजही चांगली वाटते. पण तिच्यावर कीटकनाशक नव्हते, उंची इतकी कमी होती की कुशीवर वळले की कोपर जाळीला टेकायचे, आणि आत-बाहेर करायचे तर गुडघ्यांवर येऊन, वाकून, पोट सांभाळत चेन ओढावी लागायची. चौथ्या महिन्यापर्यंत ते जमले. पाचव्या महिन्यात एका रात्री घाईत चेन अडकली, ओढली तेव्हा तिचे दात निघाले, आणि त्यानंतर ती नीट बंद झाली नाही. चेनच्या मच्छरदाणीत एकदा डास आत शिरला की तोही रात्रभर आतच राहतो, हे मी तेव्हा शिकले.

कॉइल आणि विजेवर चालणाऱ्या द्रवाच्या बाटल्यांचाही विचार आम्ही केला होता. कॉइलच्या धुराने मला मळमळायचे, आणि बंद खोलीत रात्रभर धूर गरोदर बाईने घ्यावा असे मी कुणालाही सुचवणार नाही. बाटली विजेवर चालते आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते. मच्छरदाणीला वीज लागत नाही.

आता या परीक्षणाचा मुख्य भाग, म्हणजे रात्र. गांबियात गरोदर आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांची तुलना करणारा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात गरोदर स्त्रियांकडे हिवतापाचे डास दुपटीने आकर्षित होतात असे दिसले. शेवटच्या महिन्यांत त्या सुमारे २१ टक्के अधिक हवा श्वासावाटे बाहेर टाकतात आणि त्यांच्या पोटाची त्वचा ०.७ अंश सेल्सिअसने अधिक उबदार असते. या दोन्ही खुणा डासाला माणसापर्यंत आणतात. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: लघवीसाठी त्या रात्री दुपटीने जास्त वेळा मच्छरदाणीबाहेर पडत होत्या. तिथला डास आमच्या डासाहून वेगळ्या जातीचा आहे, पण गरोदर बाईची रात्र इथेही तशीच असते. डास जिला अधिक शोधतो, तिलाच मच्छरदाणी अधिक वेळा सोडावी लागते. मच्छरदाणी वापरा असे सांगणाऱ्या फलकांवर याविषयी एक ओळही मी पाहिलेली नाही, आणि ज्या बाईला रोज रात्री चारदा उठायचे आहे तिला नुसते ‘वापरा’ असे सांगणे अपुरे आहे.

चौकोनी मच्छरदाणी इथे उपयोगी ठरली, मात्र ती कशी लावायची हे आम्हाला तीन-चार आठवडे प्रयोग करत शोधावे लागले. आधी मी चारही बाजू गादीखाली घट्ट खोचत असे, आणि उठायची वेळ आली की अंधारात खेचून मोकळी करत असे. परत आल्यावर झोपेत ती अर्धवट खोचली जायची आणि पायाकडे फट राहायची. मग आम्ही दाराकडची एक बाजू येण्या-जाण्यासाठी ठरवली. उरलेल्या तीन बाजू रात्री यजमान घट्ट खोचून ठेवत, आणि ती चौथी बाजू गादीखाली न खोचता तिच्यावर घडी केलेली जड गोधडी लांबट पसरून ठेवत. उठताना गोधडीचे एक टोक उचलायचे, जाळी वीतभर वर करून बसूनच पाय बाहेर काढायचे, आणि बाहेर पडल्यावर जाळी लगेच खाली सोडायची. परत येताना आधी हाताने जाळी बाहेरून दोनदा झटकायची म्हणजे तिच्यावर बसलेला डास उडतो, मग आत शिरून टॉर्चने चारही कोपरे आणि वरचा भाग पाहायचा. टॉर्च आत उशीशी ठेवायचा, बाहेर टेबलावर नाही. वाचताना हे फार वाटते. सवय झाल्यावर मला यासाठी एक मिनिटसुद्धा लागत नसे.

बाहेर जाण्याचा वेळ कमी करणे हाही मच्छरदाणीच्या वापराचाच भाग आहे. आमच्या भाड्याच्या घराचे शौचालय अंगणापलीकडे होते. सातव्या महिन्यापासून खोलीतल्या मोरीतच सोय केली, आणि उठल्यावर अंगावर घ्यायला पूर्ण बाह्यांचा सुती गाऊन जाळीच्या आत ठेवू लागले. ज्या घरात मोरी नाही तिथे झाकणाची बादली ठेवता येते. यात संकोच करण्यासारखे काही नाही, आणि ही सोय करण्याची जबाबदारी नवऱ्याने घ्यावी.

खाटेवर झोपणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. आमच्या गावात विणलेल्या खाटा आहेत, आणि नुसते पातळ पांघरूण अंथरून वरून मच्छरदाणी सोडली तर डास खालून, विणीतून चावतो. खाटेवर जाड सतरंजी किंवा गोधडी अंथरून जाळी तिच्याखाली सर्व बाजूंनी दुमडली, की हा रस्ता बंद होतो. उन्हाळ्यात अंगणात झोपताना खाटेच्या चार पायांना बांबू बांधून त्यांवर मच्छरदाणी टांगलेली मी इथेच पाहिली, आणि ती माझ्या घरातल्या खिळ्यांपेक्षा नीट ताणलेली होती. थंडीत शेकोटीजवळ झोपण्याची रीत आहे. पॉलिएस्टरची जाळी आगीने वितळते आणि पेटूही शकते, त्यामुळे मच्छरदाणी शेकोटी, चूल आणि चिमणी यांच्यापासून लांबच हवी.

दोष सांगायला हवेत. पहिला उकाड्याचा. आमच्याकडच्या मे महिन्यात या जाळीतून वारा फार कमी येतो, आणि गरोदर बाईला आधीच उष्णता अधिक जाणवते. पंखा असला तरी तो जाळीच्या बाजूला, उंचीवर ठेवून पाहावा लागतो. वीज गेली की काहीच उपाय नाही. मी काही रात्री संध्याकाळी अंघोळ करून, सुती चादर किंचित ओली करून काढल्या, पण मच्छरदाणी काढून ठेवण्याचा मोह झालाच नाही असे म्हणणार नाही. दुसरा दोष आकाराचा. १६० सेंटिमीटर रुंदीत दोन माणसे मावतात, मात्र आठव्या महिन्यात कुशीला उशा लावून झोपणारी बाई आणि तिचा नवरा मावत नाहीत. दोघांपैकी एकाचे अंग जाळीला लागते. आम्ही शेवटी दोन वेगळ्या मच्छरदाण्या लावल्या. तिसरा दोष या मच्छरदाणीच्या हातात नसलेला: क्युलिसिफेसीस डासांमध्ये देशाच्या काही भागांत डेल्टामेथ्रिनच्या गटातील कीटकनाशकांना प्रतिकार वाढलेला आढळला आहे. तिथे जाळीवर बसलेला प्रत्येक डास मरेलच असे नाही. तरी जाळी अडवण्याचे काम करतेच, म्हणून भोके शिवण्याचे महत्त्व अशा ठिकाणी अधिक वाढते. उंदराने कुरतडलेली दोन भोके आणि खिळ्याने फाटलेली एक जागा मी पांढऱ्या दोऱ्याने शिवली आहे.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. मच्छरदाणी झोपेच्या वेळेपुरती आहे, आणि आमचा हिवतापाचा डास संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळीही चावतो. त्यामुळे दिवेलागणीनंतर पूर्ण बाह्या, घरात फवारणीसाठी पथक आले तर सर्व खोल्या मोकळ्या करून देणे, आणि साधा ताप आला तरी त्याच दिवशी आशाताईंकडे रक्त तपासून घेणे, हे सोडता आले नाही. तपासणी मोफत असते आणि निकाल पाऊण तासाच्या आत हातात येतो. दुपारी मी अर्धा तास आडवी होत असे तेव्हाही मच्छरदाणी सोडत असे, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

धुण्याविषयी. तीन वर्षांत मी ही मच्छरदाणी दहा वेळा धुतली, म्हणजे साधारण तीन-चार महिन्यांतून एकदा. साध्या साबणाने, गार पाण्यात, न आपटता, न घासता. ब्लीच नको, कडक पावडर नको. वाळत घातली ती नेहमी सावलीत, कारण उन्हाने कीटकनाशक लवकर नष्ट होते. नदीवर, ओढ्यावर किंवा तलावाच्या घाटावर ती कधीही धुऊ नये, कारण हे कीटकनाशक माशांना विषारी आहे आणि आमच्या गावातल्या कितीतरी घरांचे कालवण त्याच पाण्यातून येते. बादलीतले पाणी मी विहिरीपासून लांब, मातीच्या खड्ड्यात ओतते.

ज्या गोष्टीविषयी मला सर्वांत जास्त कळकळ वाटते ती या मच्छरदाणीच्या वाटपाची आहे. वाटप होते तेव्हा गावाच्या यादीप्रमाणे, घरातली माणसे मोजून होते, आणि ते काही वर्षांतून एकदा होते. त्यानंतर त्या घरात लग्न होऊन आलेली, पुढच्या वर्षी गरोदर राहिलेली मुलगी त्या यादीत नसते. मला मच्छरदाणी मिळाली ती आशाताईंकडे एक शिल्लक होती म्हणून. नोंदणीच्या दिवशी माता व बाल संरक्षण कार्डासोबत प्रत्येक गरोदर बाईच्या हातात तिची स्वतःची मच्छरदाणी ठेवली, तर पहिल्या तीन महिन्यांपासून तिचे संरक्षण होईल. ओडिशात गरोदर स्त्रिया आणि आश्रमशाळांतील मुलांसाठी ‘मो मशारी’, म्हणजे ‘माझी मच्छरदाणी’, या नावाची योजना होती. त्या नावातला ‘माझी’ हा शब्द मला फार योग्य वाटतो. मच्छरदाणी घराची असली की ती कर्त्या माणसाच्या खाटेवर जाते. ती गरोदर बाईच्या नावाची असली, तर तिच्याकडून ती काढून घेण्याआधी घरातल्यांना विचार करावा लागतो.

आणि ती तिच्याबरोबर प्रवास करायला हवी. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते. दुर्गम गावातली बाई दिवस भरत आले की आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात येऊन राहते. जाताना तिच्या पिशवीत बाळाची दुपटी, टोपडी, तूप, डिंक सगळे भरले जाते, आणि मच्छरदाणी सासरच्या खिळ्यांवर टांगलेली राहते. मी आठव्या महिन्याच्या अखेरीस साताऱ्याला गेले तेव्हा हिवतापाचा धोका तिकडे कमी होता, तरी मी ती सोबत नेली, कारण बाळाला घेऊन मला परत इथेच यायचे होते. परतल्यावर माझी मुलगी पहिल्या रात्रीपासून माझ्याजवळ याच जाळीत झोपली. आमच्या शेजारची ती सूनही आता दुसऱ्यांदा माहेरी जाताना तिची मच्छरदाणी घडी करून पिशवीच्या सर्वांत वर ठेवते, हे मी स्वतः पाहिले आहे.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी या मच्छरदाणीला चार देते. एक गुण रुंदीसाठी आणि मराठीत नसलेल्या सूचनांसाठी कापला आहे. घडीच्या मच्छरदाणीला गरोदर बाईसाठी दीड. ज्यांच्या गावात शासकीय वाटप नाही त्यांनी विकत घेताना चार गोष्टी पाहाव्यात: ती कारखान्यातच कीटकनाशक बसवलेली आहे का, बसल्यावर डोके जाळीला लागत नाही इतकी उंच आहे का, गादीखाली हातभर खोचता येईल इतकी खाली येते का, आणि बसल्या-बसल्या एका हाताने उचलता येते का. चौथी गोष्ट दुकानातच, जमिनीवर बसून पाहावी. दुकानदार थांबेल.

मला आता दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. नोंदणीला गेले तेव्हा मी स्वतः नव्या मच्छरदाणीची मागणी केली, आणि दोन आठवड्यांनी ती मिळाली. जुनी मी जाळणार नाही आणि पाण्यातही टाकणार नाही. धडधाकट असलेल्या भागातून खिडकीला जाळी शिवायची आहे. नवी कालपासून पडवीत सावलीला टांगलेली आहे. उद्या ती खोलीत लावू, आणि दाराकडची बाजू या वेळी मुलीनेच दाखवली आहे.